टोकन देण्याआधी सोसायटीची कागदपत्रं अशी वाचा

रीसेल फ्लॅट बघायला गेलेला माणूस नळ सोडून बघतो, बाथरूमच्या भिंतीवर हात फिरवतो, खिडकी उघडून वारा येतो का ते पाहतो. नळ, टाइल्स, रंग हे सगळं नंतर बदलता येतं. सोसायटी मात्र बदलता येत नाही. महाराष्ट्रात फ्लॅट घेतला की त्याच्यासोबत एका सहकारी संस्थेचं सभासदत्व येतं, आणि त्या संस्थेचे नियम, शिल्लक, कर्ज, भांडणं हे सगळं तुमच्याही वाट्याला येतं. म्हणून टोकनचा चेक फाडण्याआधी चार-पाच कागद मागून घ्या.

पहिला प्रश्न: ही सोसायटी आहे की अपार्टमेंट? पुण्यात हा घोळ फार होतो, कारण बोलताना सगळेच ‘आमची सोसायटी’ म्हणतात. सोसायटी 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली असते आणि सभासदाकडे शेअर सर्टिफिकेट, म्हणजे संस्थेतल्या त्याच्या भागांचा दाखला असतो. अपार्टमेंट 1970 च्या कायद्याखाली येतं. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं. डीड ऑफ डिक्लरेशन (पूर्ण इमारतीचं घोषणापत्र) आणि प्रत्येकाचं डीड ऑफ अपार्टमेंट (त्याच्या फ्लॅटचा दस्त) असतं, आणि सामाईक खर्च सामाईक जागेतल्या प्रत्येकाच्या अविभाज्य हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो. म्हणजे मोठ्या फ्लॅटला मेन्टेनन्स जास्त. सोसायटीत वॉचमन, सफाई, सामाईक वीज यांचं सेवाशुल्क वन बीएचके आणि थ्री बीएचकेला सारखंच असतं. मोठा फ्लॅट घेणाऱ्याला हे सोयीचं, लहान घेणाऱ्याला थोडं जाचक. पुढचं सगळं सोसायटीबद्दल आहे.

मेन्टेनन्सचं बिल

विकणाऱ्याकडून शेवटच्या तीन महिन्यांची बिलं घ्या. ‘महिना साडेतीन-चार हजार येतो’ या तोंडी उत्तरावर थांबू नका, एकेक ओळ वाचा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, सिंकिंग फंड (पुनर्बांधणी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी) फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती निधी 0.75 टक्के. बांधकाम खर्च म्हणजे जमिनीची किंमत वगळून. आजचा बाजारभाव इथे धरायचा नाही. समजा तो 12 लाख आहे. मग सिंकिंग फंड वर्षाला 3,000, म्हणजे महिना 250 रुपये, आणि दुरुस्ती निधी वर्षाला 9,000, म्हणजे महिना 750. बिलात या दोन ओळींसमोर 20 आणि 50 रुपये दिसले तर मेन्टेनन्स ‘कमी’ आहे म्हणून खूश होऊ नका. जे पैसे आज गोळा होत नाहीत ते बाहेरच्या प्लास्टरच्या वेळी एकदम दीड-दोन लाखांच्या वर्गणीने येतात, आणि तोपर्यंत विकणारा दुसरीकडे राहायला गेलेला असतो.

पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर वाटतात, लिफ्टचा सगळ्यांना सारखा. तळमजल्यावरचे दरवर्षी लिफ्टवरून वाद घालतात, पण नियम तोच आहे. मालमत्ता कर मुंबईत अनेक ठिकाणी सोसायटीच्या बिलातून जातो. पुण्यात साधारणपणे फ्लॅटमालकाच्या नावावर वेगळा येतो, तो भरल्याची पावती वेगळी मागा. महिन्याची वर्गणी 7,500 च्या वर आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर असेल, तर 18 टक्के जीएसटीही लागतो.

फ्लॅट भाड्याने द्यायचा विचार असेल तर ‘ना-भोगवटा शुल्क’ ही ओळ बघा, म्हणजे मालक स्वतः राहत नसेल तर लागणारी जादा आकारणी. 2001 च्या शासन आदेशाने ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर जाऊ शकत नाही. सेवाशुल्क 1,800 असेल तर 180 रुपये. यात कर धरायचा नाही, पूर्ण बिलावर 10 टक्के लावायचे नाहीत. भाडेकरू ठेवायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवायचं, करार आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. ‘आमच्याकडे बॅचलर चालत नाहीत’ असा फलक गेटवर दिसला तरी त्याला उपविधींचा आधार नसतो. पाळीव कुत्र्यांचंही तसंच, सरसकट बंदी घालता येत नाही. तरीही जिथे असे फलक आहेत तिथे वाद आहेत हे धरून चाला. कायदा आपल्या बाजूने असणं वेगळं आणि रोज त्याच लिफ्टमधून जाणं वेगळं.

ताळेबंद आणि मिनिट्स

मागच्या दोन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि वार्षिक सभेची मिनिट्स मागा. बाहेरच्या माणसाला सोसायटी ती देणार नाही, पण विकणारा सभासद असल्यामुळे त्याला मागता येतात. त्याने टाळाटाळ केली तर तीही एक माहितीच.

ताळेबंदात तीन आकडे शोधा: सिंकिंग फंडाची जमा, त्यासमोर मुदत ठेव, आणि सभासदांकडची थकबाकी. सिंकिंग फंड 18 लाख आणि ठेव 4 लाख, तर मधले पैसे रोजच्या खर्चात गेलेत. हा निधी फक्त पुनर्बांधणी किंवा मोठ्या संरचनात्मक दुरुस्तीसाठी, आर्किटेक्टच्या दाखल्यावर आणि सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने वापरायचा असतो. थकबाकी मोठी असेल तर कोण थकवतंय ते बघा. चाळीसपैकी दोन जण असतील तर कमिटी उपनिबंधकांकडून (सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांकडून) वसुली दाखला घेऊन जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करू शकते, आणि सहकारी संस्थेचा हा खरा फायदा आहे. पंधरा जण असतील तर कमिटीने हात टेकलेत.

मिनिट्समध्ये एकच गळती सलग तीन वर्षं ‘चर्चा होऊन पुढील सभेत निर्णय घेण्याचे ठरले’ अशी येत असेल, तर ती गळती तुम्ही राहायला आल्यावरही तिथेच असेल. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, तारीख तपासा.

जमीन कुणाच्या नावावर

मिळकत पत्रिका (शहरी जमिनीच्या मालकीचा उतारा) किंवा सातबारा काढा. त्यावर सोसायटीचं नाव नसून बिल्डर किंवा मूळ जमीनमालकाचं असेल, तर कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचं सोसायटीच्या नावावर हस्तांतरण, झालेलं नाही. इमारत तुमची, जमीन दुसऱ्याची. रोजच्या राहण्यात फरक पडत नाही म्हणून वीस वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही; पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की सगळं तिथे अडतं. बिल्डर दाद देत नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरशिवाय आदेशाने होणाऱ्या हस्तांतरणाचा, अर्ज करू शकते. तो केला आहे का, आदेश आला का, हे सेक्रेटरींना विचारा.

इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, व्हायला हवं. अहवाल मागा आणि शेवटच्या पानावरची शिफारस वाचा. पुनर्विकास होणार म्हणून भाव वाढवून सांगत असतील, तर सभेचा ठराव कुठे आहे ते बघा: 2019 च्या शासकीय निर्देशांप्रमाणे सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती हवी.

शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू

पुढच्या बाजूला शेअरचे नंबर आणि पहिल्या सभासदाचं नाव असतं, ते सगळे बघतात. उलटून बघा. मागे हस्तांतरणाचा तक्ता असतो: तारीख, सभेचा ठराव, कुणाकडून कुणाकडे, आणि खाली चेअरमन, सेक्रेटरी व एका कमिटी सदस्याच्या सह्या. ही साखळी खरेदीच्या करारांशी आणि इंडेक्स टूशी (नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या उताऱ्याशी) जुळवा. फ्लॅट तीन वेळा विकला गेला आणि मागे दोनच नोंदी असतील, तर मधल्या कुणीतरी नाव चढवलंच नाही, आणि तुमच्या वेळी सोसायटी आधीची नोंद मागेल. मूळ सर्टिफिकेट विकणाऱ्याच्या बँकेकडे तारण असेल तर झेरॉक्सवर विसंबू नका, बँकेचं पत्र घ्या.

नंतरची पद्धत सरळ आहे. विकणारा सोसायटीला 15 दिवसांची नोटीस देतो, तुम्ही संमती आणि सभासदत्वाचा अर्ज देता. हस्तांतरण शुल्क 500 रुपये, प्रवेश शुल्क 100, आणि महापालिका हद्दीत प्रीमियम, म्हणजे हस्तांतरणासाठी सोसायटी घेते ती जादा रक्कम, जास्तीत जास्त 25,000. वारसाला किंवा कुटुंबातल्या माणसाला फ्लॅट जात असेल तर प्रीमियम नाही. ‘देणगी’, ‘गणपती फंड’, ‘जिना रंगकाम’ अशा नावाने याहून जास्त मागता येत नाही. मागितलं तर चेकने द्या आणि पावतीवर कारण लिहून मागा. बहुतेक वेळा मागणी तिथेच विरते. हस्तांतरणाला सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) लागत नाही, ती लागते तुमच्या कर्ज देणाऱ्या बँकेला. विकणाऱ्याची बाकी शून्य असल्याचं पत्र मात्र आधी घ्याच. थकबाकीवर वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागू शकतं आणि सेक्रेटरी ती तुमच्याकडेच मागणार.

अर्ज पूर्ण असेल तर तीन महिन्यांत निर्णय कळवावा लागतो.

पार्किंग आणि गळती

‘फ्लॅटसोबत पार्किंग आहे’ या वाक्यावर चार-पाच लाख जास्त देतात. उघडी जागा विकता येत नाही, ती सोसायटीची असते. गाड्या जागांपेक्षा जास्त असतील तर वाटप चिठ्ठ्या टाकून होतं. विकणाऱ्याच्या हातात सोसायटीचं वाटपपत्र आहे की फक्त सवय, ते बघा.

टेरेस, बाहेरची भिंत, सामाईक पाइप यांतून येणारी गळती सोसायटीने स्वखर्चाने दुरुस्त करायची. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येणारी वरच्या मालकाने. म्हणून शेवटच्या मजल्याचा फ्लॅट पावसाळ्यात बघा, मे महिन्यात नको.

तक्रार करायची वेळ आली तर आधी कमिटीला लेखी द्या, पोच घ्या, पंधरा दिवस थांबा. मग योग्य दार ठोठावा. हिशेब, कागदपत्रं, सभासदत्व नाकारणं यांसाठी उपनिबंधक. गळती, पार्किंग, जास्तीची आकारणी, सभेच्या ठरावांवरचे वाद यांसाठी सहकार न्यायालय. बाल्कनी बंद करून वाढवलेल्या खोलीसाठी महापालिका. गळतीचा अर्ज उपनिबंधकांकडे देऊन लोक वर्षभर वाट बघतात आणि ‘सहकार न्यायालयात जावे’ एवढं एका ओळीचं पत्र घेऊन परततात.

सर्टिफिकेटवर नाव चढलं की त्याच आठवड्यात नॉमिनेशनचा (तुमच्यानंतर सोसायटीने कुणाचं नाव लावायचं त्याचा) फॉर्म तीन प्रतींत भरून द्या. पहिल्यांदा शुल्क नाही, नंतर बदलायचं झालं तर 100 रुपये. पोच घेतलेली प्रत शेअर सर्टिफिकेटसोबतच ठेवा.