अ‍ॅमस्ट्राड सीपीसी 6128: मोटर फिरते, तरी ‘डिस्क मिसिंग’

लक्षण: 1980च्या दशकातल्या या घरगुती संगणकावर ‘कॅट’ (डिस्कवरच्या फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) दिल्यावर मोटरची घरघर ऐकू येते, दिवा लागतो, पण पडद्यावर ‘ड्राइव्ह ए: डिस्क मिसिंग’. डिस्क बदलल्या, हेड पुसलं, केबल काढून पुन्हा बसवल्या. तीन संध्याकाळी पाण्यात.

दोष पट्ट्याचा. 3 इंची ड्राइव्हमधला, मोटरच्या जोरावर डिस्कची चकती फिरवणारा चपटा रबरी पट्टा सैल होतो किंवा वितळून डांबरासारखा चिकटतो. चकती फिरत नाही, इंडेक्स छिद्राचा (चकतीवरची प्रत्येक फेऱ्याची खूण) सिग्नल येत नाही, म्हणून संगणकाला डिस्क दिसतच नाही.

आधी 5 आणि 12 व्होल्टच्या दोन्ही वायरी काढा. ड्राइव्ह बाहेर काढण्यापूर्वी कनेक्टरच्या दिशेवर खूण करा, उलटा बसला तर संपलंच. मग ड्राइव्हवरची सर्किट प्लेट अलगद उचला. हेडची वायर नाजूक असते. मोटरची पुली आणि मोठं चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, काळा डाग कापसावर येईनासा होईपर्यंत. पुली वाळली की 71 मिमी व्यासाचा चपटा पट्टा पीळ न पडता चढवा. जुना मोजून नवा घेऊ नका, तो ताणलेला असतो. साधं रबरबँड तर नकोच, वेग डगमगतो.

चाक हाताने दहा वेळा फिरवा, पट्टा मधोमध राहतोय ना बघा. एवढं करूनही ‘रीड फेल’ आलं, तरच वेग तपासा: मिनिटाला 300 फेरे.