दुर्मिळ जीव सापडला तर लोकेशन किती सांगायचं?

सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, फिरताना एखादी वेगळीच पाल दिसली किंवा दुर्मिळ कंदीलपुष्प सापडलं की कधी एकदा सगळ्यांना सांगतोय असं होतं, सांगाच, फक्त पत्ता सांगू नका. १९९९ मध्ये दक्षिण चीनमधल्या गोनियुरोसॉरस लुई या पालीचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि पाळायला विकणाऱ्यांनी ती इतकी उचलली की जिथे ती पहिल्यांदा सापडली तिथून ती संपलीच, हे २००६ ला सायन्स जर्नलमध्ये छापून आलंय.

आधी मोबाईलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून फोटो पाठवला तर त्यात अक्षांश-रेखांश तसेच जातात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायची वेबसाइट) जिओप्रायव्हसी, म्हणजे ठिकाण किती दाखवायचं ते सेटिंग, 'ऑब्स्क्युअर्ड' (धूसर) ठेवा, मग साधारण २२ किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी टिंब दिसतं. पण त्याच ट्रिपची बाकीची फुलपाखरं-बेडूक सगळं ओपन टाकलं, किंवा फोटोत मागे देऊळ नाहीतर पवनचक्की आली, किंवा खाली कुणीतरी "अरे ही तर अमक्या वाडीच्या वरची" असं लिहिलं, की झालं, शोधणाऱ्याला तेवढं पुरतं.

शोधनिबंध लिहिताना अक्षांश-रेखांशाचे दशांश बघा. दशांश चिन्हापुढे चार आकडे दिले तर जागा ११ मीटरपर्यंत कळते, एकच दिला तर ११ किलोमीटर. तालुका, अधिवास आणि ढोबळ उंची छापा, नेमके आकडे नमुन्यासोबत म्युझियमच्या रजिस्टरला द्या. मोजमापं, डीएनए सिक्वेन्स, नमुन्याचा नंबर मात्र बिनधास्त ओपन ठेवा, त्यावरून कुणी पाल पकडू शकत नाही आणि ते नसेल तर तुमचं काम दुसऱ्याने तपासायचं कसं?

आणि सगळ्यांपासूनच लपवू नका, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उद्या त्याच सड्यावर खाणीचा प्रस्ताव आला आणि कुठेच नोंद नसेल तर पर्यावरण अहवालात तो सडा ओसाड पडीक म्हणूनच जाणार. म्हणून वनविभागाला नेमकं ठिकाण लेखी कळवा, पोच घ्या. कुणी संशोधक मागत असेल तर संस्थेच्या ईमेलवरून मागू दे, कशाला हवंय ते विचारा, आणि कुणाला दिलं ते लिहून ठेवा.

जागा आधीच रील्समध्ये फिरत असेल तर लपवून उपयोग नाही, तिथे गस्त मागा आणि गुराख्यांशी बोलून ठेवा, अनोळखी माणसं दगड उलटे करत फिरायला लागली की पहिलं त्यांनाच दिसतं.