जादा एलईडी गेजचा उजेड डॅशबोर्डशी जुळवताना या चुका टाळा

रावेर-सावद्याकडून केळी भरून रात्री निघणाऱ्या पिकअपमध्ये तापमान, व्होल्टेज किंवा टर्बोचा दाब दाखवणारे एखादे जादा गेज आता सर्रास दिसते. ते बसवणे फारसे अवघड नाही; त्याचा उजेड गाडीच्या मूळ मीटरशी जुळवणे मात्र अनेकांना जमत नाही. कोंडाईबारी घाटासारख्या अंधाऱ्या वळणांच्या रस्त्यावर चालकाचे डोळे काळोखाला सरावलेले असतात. अशा वेळी निळ्या-पांढऱ्या एलईडीचे गेज समोर तळपत राहिले आणि त्याचे प्रतिबिंब काचेत पडले, तर वळणाआड बंद पडलेला ट्रक उशिरा दिसतो. त्यामुळे हे काम हौसेपेक्षा सुरक्षिततेचे समजून करावे.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे गाडीचा डिमर, म्हणजे मीटरचा उजेड कमी-जास्त करणारे बटण, कोणत्या पद्धतीचा आहे हे न तपासताच, बटणाच्या दिव्याची जी वायर हाताशी येईल तिला गेज जोडून टाकणे. जुन्या गाड्यांत हा डिमर म्हणजे बल्बांच्या वाटेत बसवलेला बदलता रोधक, म्हणजे प्रवाहाला कमी-जास्त अडवणारा भाग असतो. मीटरमधील १.२ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ०.१ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे सहा बल्ब मिळून ०.६ अँपिअर होतात. रोधक १० ओहमवर फिरवला की साधारण ४ व्होल्ट त्याच्यातच खर्ची पडतात आणि बल्बांना ८ व्होल्टच्या आसपास दाब मिळून ते मंदावतात. आता या सहाही बल्बांच्या जागी एलईडी बसवले आणि सर्वांचा मिळून प्रवाह ०.१ अँपिअर इतकाच उरला, तर त्याच रोधकात जेमतेम १ व्होल्ट खर्च होतो. चालक बटण शेवटपर्यंत फिरवतो, तरी उजेड जवळजवळ तसाच राहतो आणि डिमर बिघडल्याचा निष्कर्ष काढून तो विनाकारण बदलला जातो.

मूळ बल्ब तसेच ठेवून त्यांच्या वायरवर फक्त जादा गेज जोडले, तर नेमके उलटे घडते. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ ते ३.२ व्होल्ट लागतात आणि १२ व्होल्टच्या गेजमध्ये बहुधा तीन-तीन एलईडी एकामागे एक जोडलेले असतात. म्हणजे ९ व्होल्टच्या खाली दाब गेला की ती साखळी विझू लागते. बल्ब ८ व्होल्टवर शांतपणे तेवत असताना गेज काळेठिक्कर पडते, आणि बटण थोडे वर नेताच ते एकदम उजळते. दोन्ही परिस्थितींत माझ्या मते योग्य उपाय एकच आहे: गेजच्या दिव्याचा पुरवठा मूळ डिमरच्या आधी, पार्किंग लाईटच्या वायरवरून, लहान फ्यूज लावून घ्यावा आणि त्यावर स्वतंत्र पीडब्ल्यूएम डिमर बसवावा. हा डिमर दाब कमी करत नाही. तो दिवा अतिशय वेगाने चालू-बंद करतो, त्यामुळे एलईडी अगदी मंद प्रकाशापर्यंत न विझता उतरतात.

नव्या गाड्यांत मूळ डिमरच पीडब्ल्यूएम पद्धतीचा असतो. तेथे व्होल्ट मोजण्याचा साधा मल्टिमीटर सरासरी दाब दाखवतो आणि १२ व्होल्टच्या जागी ६ व्होल्ट पाहून मिस्त्री वायरमध्ये दोष शोधत बसतो. अशा गाडीत गेजची फक्त दिव्याची वायर डिमरला जोडावी. गेजचा मुख्य पुरवठा कधीही त्यावरून घेऊ नये, कारण आतले सर्किट तुटक पुरवठ्यावर नीट चालत नाही आणि काटा थरथरतो किंवा गेज पुन्हापुन्हा नव्याने सुरू होते.

काही गाड्यांत डिमर धन बाजूला नसून ऋण बाजूला असतो. तेथे गेजची काळी वायर नेहमीच्या सवयीने बॉडीला अर्थ केली, की गेज पूर्ण उजेडानेच पेटते. याची तपासणी सोपी आहे. दिव्याच्या धन वायर आणि बॉडी यांमध्ये मल्टिमीटर लावून डिमर फिरवावा. आकडा हलला नाही आणि तरीही मूळ दिवे मंदावले, तर डिमर ऋण बाजूला आहे. मग गेजच्या दिव्याची ऋण वायर त्या परतीच्या वायरला जोडावी, पण दिव्याची आणि गेजची ऋण वायर वेगळी असेल तरच. ती सामाईक असेल, तर गेजचे वाचनच चुकीचे येऊ लागते.

ज्यांना फिरवण्याचे बटण नको, फक्त उजेड कायमचा उतरवायचा आहे, त्यांना एक रोधक पुरतो. मात्र हिशेब १२ व्होल्टवर करू नये. इंजिन चालू असताना दाब १४.४ व्होल्टपर्यंत जातो. तीन एलईडींच्या ९.६ व्होल्टच्या साखळीला १२ व्होल्ट धरून १२० ओहम लावले तर अपेक्षित २० मिलिअँपिअरऐवजी ४० वाहतात, १४.४ धरल्यास उत्तर २४० ओहम येते. याच साखळीत आणखी १००० ओहम घातले की प्रवाह सुमारे ४ मिलिअँपिअर, म्हणजे पाचव्या हिश्शावर येतो. हे फार वाटेल, पण डोळ्याला उजेड निम्मा भासण्यासाठी तो प्रत्यक्षात १८ टक्क्यांच्या आसपास आणावा लागतो. त्यामुळे १०-२० टक्के कपात करून काहीच फरक दिसत नाही.

जुळवणी दुपारी दुकानासमोर उभे राहून करणे ही वेळेची चूक आहे. रात्री, इंजिन चालू ठेवून आणि अंधारात पंधरा-वीस मिनिटे बसल्यानंतरच उजेड ठरवावा. मंद प्रकाशात डोळा निळ्या-हिरव्या रंगांना अधिक आणि तांबड्याला कमी प्रतिसाद देतो, म्हणून दिवसा मूळ तांबड्या मीटरशी जुळलेले निळे गेज रात्री अधिक झगमगते.

भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड याहून कितीतरी तापतो. नुसती पीळ देऊन काळ्या टेपने गुंडाळलेली जोडणी तेथे टिकत नाही, टेपचा गोंद पाघळतो. सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी चढवावी.

मूळ मीटरमधील बल्ब बदलायचेच असतील, तर चार्जिंगचा लाल दिवा वगळावा. अनेक जुन्या गाड्यांत याच बल्बमधून अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह मिळतो. तेथे नुसता एलईडी बसवल्यास इंजिन मंद चालत असताना अल्टरनेटर चार्जिंग सुरूच करत नाही आणि बॅटरी उतरू लागते.