मॉनिटरचा रंग मधूनच जातो? केबलला हात लावण्याआधीची तयारी

जुन्या मॉनिटरवर मधूनच सगळं पिवळं किंवा राणी रंगाचं होतं आणि थोड्या वेळाने आपोआप ठीक होतं, अशांसाठी ही यादी. कायमचा बिघडलेला रंग शोधणं सोपं असतं. येऊन-जाऊन असणारा दोष मात्र आपण शोधायला बसलो की हमखास गायब होतो, म्हणून तयारी तो यायच्या आधी करून ठेवायची.

टॉर्च, फडकं, टेबलामागे हात जाईल एवढी जागा, हे सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. रंग गेला की सर्वांत आधी मॉनिटरचं स्वतःचं बटण दाबून मेनू उघडा. केबल हलवू नका, कॉम्प्युटर रीस्टार्ट करू नका, मॉनिटरच्या डोक्यावर थापट मारू नका. आधी मेनू. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं. रंग गेला की हात सवयीने केबलकडे जायचा, रंग परत यायचा आणि हाती काहीच उरायचं नाही. शेवटी मॉनिटर उचलून दुकानात नेला, तिथे तो दिवसभर शहाण्यासारखा चालला, आणि मी चेकिंग चार्ज भरून परत आलो.

मेनूच का? कारण ती चौकट कॉम्प्युटरकडून येत नाही, मॉनिटर ती स्वतः काढतो. मागचं चित्र पिवळं आणि मेनूतली पांढरी अक्षरं स्वच्छ पांढरी, तर दोष चित्र मॉनिटरपर्यंत येण्याच्या वाटेवर आहे: कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड, केबल, पोर्ट, फार तर मॉनिटरचं इनपुट. मेनूही पिवळा असेल, तर केबल बदलत बसू नका, दोष मॉनिटरच्या पोटात आहे. एका बटणात निम्मं काम होतं, पण फक्त रंग बिघडलेला असतानाच. म्हणून ते बटण कुठलं, हे आजच बघून ठेवा. जुन्या मॉनिटरवर बटणांवरची चिन्हं पुसलेली असतात आणि ऐन वेळी पॉवरच दाबली जाते.

मेनू उघडा ठेवूनच मोबाईलने फोटो काढा. स्क्रीनशॉट नको, तो कॉम्प्युटरच्या आत तयार होतो, त्यात सगळं छानच दिसणार. आणि फोटोत स्क्रीनशेजारी एक कोरा कागद येऊ द्या. मोबाईलचा कॅमेरा रंग स्वतःच सुधारून घेतो, कागद शेजारी असला की छटा किती बिघडली ते कळतं.

पेंटमध्ये एक चित्र करून डेस्कटॉपवर ठेवा: लाल, हिरवा, निळा, पांढरा असे चार जाड पट्टे. कुठला रंग गेला ते यावरून लगेच दिसतं. लाल गेला तर लाल पट्टा काळा पडतो आणि पांढरा निळसर-हिरवट होतो. हिरवा गेला तर पांढऱ्याचा राणी, निळा गेला तर पिवळा. अशा जुन्या मॉनिटरची केबल बहुधा व्हीजीए, म्हणजे १९८७ साली आयबीएमने आणलेली पंधरा पिनांची जोडणी, तिच्यात प्रत्येक रंगाला वेगळी तार असते: पिन १ लाल, २ हिरवा, ३ निळा, आणि ६, ७, ८ या त्यांच्या परतीच्या तारा. एकच रंग पूर्ण जात असेल तर एखादी पिन किंवा तार लूज असण्याचा संशय आधी घ्या. मात्र प्लगमध्ये नऊ नंबरची पिन दिसली नाही म्हणून घाबरू नका, बऱ्याच केबलमध्ये ती मुळातच नसते.

संध्याकाळी ठरावीक वेळेला पिवळं होत असेल तर विंडोजचं नाईट लाइट (रात्री स्क्रीन मुद्दाम पिवळसर करणारी सोय) बंद करा आणि हे पान मिटा.

दुसरी केबल हाताशी ठेवा, जी दुसरीकडे चालते हे डोळ्यांनी पाहिलंय अशी. दुसरा कॉम्प्युटरही, जमल्यास थेट व्हीजीए असलेला. नव्या लॅपटॉपला कन्व्हर्टर लावावा लागतो आणि मग त्या कन्व्हर्टरवरही संशय घ्यावा लागतो. आणि दुसरा माणूस. एकाने टेबलाखाली केबल प्लगपाशी हळूच वाकवायची, दुसऱ्याने पट्ट्यांकडे बघायचं. एकट्याने केलंत तर मान वर काढेपर्यंत रंग परत आलेला असतो. पण हे सगळं मेनू बघून झाल्यावर! आधी मेनू, मग हात.

कागदावर वेळ लिहा, आणि मॉनिटर सुरू करून किती वेळ झाला तेही. थंड असताना बिघडून तापल्यावर सुधारणारा, आणि उलट तापल्यावर बिघडणारा, दोन्हींत ड्राय सोल्डरचा, म्हणजे आतल्या सर्किटवरच्या सुटत आलेल्या डाकाचा संशय; पहिल्यात कपॅसिटर या आतल्या सुट्या भागाचाही. पांढरं नेहमीच थोडं पिवळट-गुलाबी दिसतं आणि मेनूही तसाच, तर जुन्या एलसीडीची बॅकलाइट ट्यूब (पडद्यामागून उजेड देणारी) थकलेली असू शकते, त्याला केबलचा उपाय नाही.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, पिनांवर हिरवट थर बसतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, तोही प्लग काढून, आणि वाळू द्या. सेंट नाही, खोबरेल तर नाहीच. वाकलेली पिन चिमट्याने हळू सरळ करा. मग दोन्ही स्क्रू हाताने घट्ट. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

जाड पाठीचा, काचेच्या नळीचा सीआरटी मॉनिटर असेल आणि कोपऱ्यातच रंगाचा डाग पडत असेल तर स्पीकर लांब करा (त्यात चुंबक असतो), मेनूत डीगॉस (चुंबकाचा परिणाम घालवणारी सोय) असेल तर एकदा दाबा, सारखं दाबू नका. आणि उघडू नका. नळीवर पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, प्लग काढल्यावरही तो आत राहतो. एलसीडीतही ट्यूबला शेकडो व्होल्ट जातात, त्यामुळे आतली रिबन केबल काढून बसवणं वगैरे ज्याला येतं त्यालाच करू द्या.

दुकानात न्यायचाच झाला तर केबल सोबत न्या, फोटो दाखवा, मेनूतही दिसत होतं की नाही ते सांगा. मेनू बघितलाच नसेल तर आज नेऊ नका.