छोटा फोन की घडीचा फोन? आधी फूटपट्टी, मग खरेदी

घडीचा फोन दुकानात उघडला की दोन मिनिटांत मन जिंकतो. मिटला तर फोन, उघडला तर छोटी वही. पण दुकानात आपण दोन्ही हात मोकळे घेऊन उभे असतो. एरवी एका हातात पिशवी असते, छत्री असते, नाहीतर कडेवर मूल. म्हणून इंचांची तुलना करण्याआधी एक गोष्ट मोजा: दिवसात किती वेळा तुमचे दोन्ही हात फोनसाठी मोकळे असतात? फोन उघडायला दोन हात लागतात आणि उघडल्यावर नीट धरायलाही दोनच.

आठवड्याचा हिशेब

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आहे, आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’. तिथे फोन दिवसातून किती वेळा उघडला आणि कोणत्या अ‍ॅपवर किती वेळ गेला हे दिसतं. सात दिवसांचे आकडे कागदावर उतरवा आणि अ‍ॅप्सचे दोन गट करा. पहिला गट उभ्याउभ्याचा: मेसेज, कॉल, पैसे पाठवणं, ओटीपी, नकाशा, पटकन काढलेला फोटो. दुसरा बसून वापरायचा: वाचन, पीडीएफ, एक्सेलचे तक्ते, व्हिडिओ, गेम.

सरासरीवर विसंबू नका, ती फसवते. समजा दिवसाला पाच तास वापर आणि शंभर अनलॉक आहेत. सरासरी निघते तीन मिनिटं. पण त्यातले दोन तास एक-एक तासाच्या दोन व्हिडिओंत गेले असतील, तर उरलेल्या ९८ वेळांच्या वाट्याला १८० मिनिटं येतात, म्हणजे प्रत्येकी दोन मिनिटंही नाहीत. दोन मिनिटांच्या कामासाठी कुणी घडी उघडत नाही, बाहेरच्या स्क्रीनवरच उरकतो. बसून होणारा वापर रोज तासाभराच्या खाली असेल तर आमचा कौल सरळ छोट्या फोनला. नाहीतर तुम्ही महागडा, जाड फोन घेऊन तो बहुतेक वेळ मिटलेलाच वापराल.

पुठ्ठ्याचा फोन

‘छोटा’ या शब्दाचा अर्थ गेल्या काही वर्षांत फुगला आहे. २०२१चा आयफोन १३ मिनी ५.४ इंची होता, रुंदी ६४.२ मिमी. अ‍ॅपलने पुढे मिनी काढलाच नाही. आसूसचा झेनफोन १० (२०२३) ५.९ इंची होता आणि त्यानंतरचा झेनफोन थेट पावणेसात इंचांवर गेला. त्यामुळे आज नवा छोटा फोन म्हणजे ६.१ ते ६.३ इंची. पण इंच हे कर्णाचं माप, त्यावरून हाताला काही कळत नाही. हाताला कळते ती रुंदी आणि वजन.

सॅमसंगचे दोन फोन घेऊ, एक छोटा आणि एक घडीचा (मापं लांबी × रुंदी × जाडी).
गॅलेक्सी एस२५ : १४६.९ × ७०.५ × ७.२ मिमी, १६२ ग्रॅम.
गॅलेक्सी झेड फोल्ड ७, मिटलेला : १५८.४ × ७२.८ × ८.९ मिमी, २१५ ग्रॅम.

या मापांचे पुठ्ठे कापा. जाड खोक्याचा पुठ्ठा साधारण ३ मिमीचा असतो, तेव्हा तीन थर चिकटवले की फोल्डची जाडी येते. मधल्या थरात खाच पाडून नाणी किंवा वॉशर बसवा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन जुळवा. मग दोन दिवस दोन्ही पुठ्ठे आलटून पालटून खिशात ठेवा. जिना चढा, खाली बसा, पलंगावर आडवे होऊन पुठ्ठा चेहऱ्यावर धरा. ५३ ग्रॅमचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण आडवं होऊन पंधरा मिनिटं धरल्यावर करंगळी बोलायला लागते. वर कव्हरचं वजन वेगळंच.

आता अंगठ्याची चाचणी. पुठ्ठ्यावर कोरा कागद चिकटवा, अंगठ्याला स्टॅम्प पॅडची शाई लावा आणि नेहमीसारखं एका हातात धरून, पकड न हलवता अंगठा जिथवर पोचेल तिथवर फिरवा. कागदावर पंख्यासारखा शाईचा पट्टा उमटेल. त्या पट्ट्याबाहेर राहिलेला भाग म्हणजे प्रत्येक वेळी पकड बदलावी लागणारी जागा, आणि फोन हातातून निसटतो तो बहुधा पकड बदलतानाच. वरचा विरुद्ध कोपरा जवळजवळ कुणालाच गाठता येत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण पट्टा अर्ध्या रुंदीपर्यंतही जात नसेल, तर दोन्ही फोनांवर ‘वन-हँडेड मोड’ (स्क्रीनवरचं चित्र आक्रसून अंगठ्याजवळ आणणारी सोय) लागणार हे धरून चाला.

जुना फोल्ड घेणार असाल तर त्याची मापं वेगळी आहेत. झेड फोल्ड ५ मिटल्यावर ६७.१ मिमी रुंद, पण १३.४ मिमी जाड आणि २५३ ग्रॅमचा. म्हणजे धरायला अरुंद, खिशात मात्र वीट. बाहेरची स्क्रीन इतकी चिंचोळी की कीबोर्डवर शेजारचंच अक्षर दाबलं जातं.

मोठ्या स्क्रीनचा फायदा नेमका कुठे

फोल्ड ७ची आतली स्क्रीन ८ इंची, साधारण १३.६ × १५.१ सेमी. ६.१ इंची फोनची स्क्रीन साधारण ६.५ × १४ सेमी. क्षेत्रफळ सव्वादोन पट. पण प्रत्येक कामात सव्वादोन पट फायदा होत नाही.

व्हिडिओत सगळ्यात कमी. आतली स्क्रीन जवळजवळ चौकोनी आणि व्हिडिओ १६:९चा, त्यामुळे वर-खाली काळे पट्टे येतात. चित्र १५.१ × ८.५ सेमीचं राहतं. छोट्या फोनवर आडवं धरलं तर ११.५ × ६.५. म्हणजे पावणेदोन पटीच्याही आत. फक्त सिनेमे बघायला घडीचा फोन घेणं हा तोट्याचा सौदा आहे. साधा ६.८ इंची फोन बराचसा तेवढाच आनंद देतो आणि मध्ये घडीची रेघही नसते.

वाचनात चित्र उलटं. ए४ आकाराच्या पीडीएफमधला १२ पॉइंटचा मजकूर ६.१ इंची फोनवर उभा धरून पाहिला तर पावणेचार पॉइंटचा दिसतो. जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात, अनुस्वार आहे की धूळ ते कळत नाही. फोन आडवा केला तर अक्षर ८ पॉइंटचं होतं, पण पानाचा जेमतेम तिसरा हिस्सा दिसतो आणि बोट सारखं सरकवत राहावं लागतं. फोल्डवर साधारण त्याच आकाराच्या अक्षरात पानाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग एका नजरेत मावतो. करारनामे, प्रश्नपत्रिका, बिलं, नकाशे रोज पाहणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

आणि घडीच्या फोनचं खरं बलस्थान म्हणजे शेजारी-शेजारी दोन अ‍ॅप्स. १३.६ सेमीचे दोन भाग केले की प्रत्येकाला ६.८ सेमी रुंदी मिळते, छोट्या फोनच्या अख्ख्या स्क्रीनपेक्षा थोडी जास्तच. म्हणजे दोन छोटे फोन एकमेकांना चिकटवल्यासारखं. डावीकडे ईमेल, उजवीकडे तक्ता. हे काम तुम्हाला दिवसातून पाच-सहा वेळा पडत असेल तर बाकीचे तोटे सोसायला हरकत नाही. पडत नसेल तर दुकानातल्या माणसाने दाखवलं म्हणून भुलू नका.

काय बिघडतं, आणि का

आतली स्क्रीन काचेची आहे म्हणतात, पण ती काच केसाइतकी किंवा त्याहून पातळ असते आणि तिच्यावर प्लास्टिकचा थर असतो. नख दाबलं तरी खूण उमटू शकते. हा वरचा थर स्क्रीन गार्डसारखा दिसतो, पण तो स्क्रीनचाच भाग आहे. एप्रिल २०१९मध्ये पहिल्या गॅलेक्सी फोल्डच्या काही परीक्षकांनी तो सोलून काढला, स्क्रीन बंद पडल्या आणि फोन बाजारात यायला सप्टेंबर उजाडला. आता थराच्या कडा चौकटीखाली दडवतात, तरी नियम तोच: सोलायचा नाही, वर दुसरा गार्ड लावायचा नाही.

मिटताना हा थर घडीच्या जागी आकसतो, उघडताना ताणला जातो. हजारो वेळा असं झालं की गोंद सुटतो आणि मधल्या रेघेवर बारीक फुगा दिसतो. पुष्कळदा तो फक्त वरच्या थरापुरता असतो आणि सेवा केंद्रात थर बदलून मिळतो. फुगा बोटाने दाबत बसलात किंवा तसाच वाढू दिलात तर खालच्या काचेवर असमान ताण येतो.

घड्यांचे आकडे वाचताना गणित करून पाहा. झेड फोल्ड ५पर्यंतच्या मॉडेलांसाठी सॅमसंग दोन लाख घड्यांच्या चाचणीचा दाखला देत असे, फोल्ड ७साठी पाच लाखांचा. दिवसाला शंभर घड्या धरल्या तरी दोन लाख म्हणजे साडेपाच वर्षं. पण प्रयोगशाळेतलं यंत्र स्वच्छ हवेत, एकसारख्या जोराने घडी घालतं. तुमच्या खिशात वाळू आणि धागे असतात.

बिजागरीचा शत्रू हीच बारीक कच. धूळ-पाण्यापासून बचाव किती, हे सांगणारं फोल्ड ७चं मानांकन आयपी४८ आहे. त्यातला ८ पाण्यासाठी, तो चांगला. ४ म्हणजे फक्त १ मिमीपेक्षा मोठे कण अडवले जातील. वाळूचा बारीक कण त्याहून लहान असतो. तो आत शिरला की उघडताना करकर आवाज येतो, आणि स्क्रीनच्या मागे अडकला तर आतून टोचून कायमचा ठिपका पडतो. गॅलेक्सी एस२५सारख्या सरळ फोनला आयपी६८ असतं, म्हणजे धुळीपासूनही पूर्ण बचाव. घडीच्या फोनांत गूगलच्या पिक्सेल १० प्रो फोल्डने आयपी६८ आणलं. तुमचं काम बांधकामावर, शेतात, सुतारकामात किंवा समुद्रकिनारी असेल तर ही एक ओळ बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची.

कडाक्याच्या थंडीत बाहेर राहिलेला फोन लगेच झटक्याने उघडू नका. प्लास्टिकचा थर थंडीत ताठरतो. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आणि पेसमेकर असलेल्यांनी कोणताही घडीचा फोन वरच्या खिशात ठेवू नये. घडी मिटून राहावी म्हणून आत चुंबकं असतात. किमान १५ सेमी अंतर राखा.

सरळ फोनची काच फुटली तर बहुतेक ठिकाणी बदलून मिळते. आतली घडीची स्क्रीन मात्र फोनमधला सगळ्यात महाग सुटा भाग. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा: आतली स्क्रीन तुमच्या जवळच्या केंद्रात बदलतात की फोन बाहेर पाठवतात? वरचा थर बदलणं हमीत बसतं का, आणि किती वेळा? अपघात विम्यात आतली स्क्रीन आहे, की फक्त बाहेरची?

बॅटरी आणि कॅमेरा, थोडक्यात

फोल्ड ७मध्ये ४४०० एमएएच, एस२५मध्ये ४०००. मोठी स्क्रीन पेटवायला जास्त वीज लागते, तेव्हा घडी उघडून कामं करणाऱ्याला संध्याकाळी चार्जर शोधावा लागेल. छोट्या फोनचं जुनं दुखणं बॅटरीच होतं, पण तेवढ्याच जागेत जास्त वीज साठवणाऱ्या सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्यांनी ते बरंच हटवलं आहे. वनप्लस १३एसमध्ये ५८५० एमएएच आहे, विवो एक्स२०० एफईमध्ये ६५००, दोन्ही ६.३ इंचांच्या आसपास आणि १९० ग्रॅमच्या आत. कॅमेऱ्यात छोट्या आणि घडीच्या, दोन्ही फोनांना जागेची अडचण. लांबचे फोटो हीच तुमची गरज असेल तर या दोघांनाही बाजूला ठेवा आणि मोठा सरळ फोन बघा.

वापरलेला घडीचा फोन घेताना

स्क्रीनवर पूर्ण पांढरं, मग पूर्ण काळं चित्र लावा. मृत ठिपके आणि रेघा लगेच दिसतात. मग फोन अगदी सावकाश मिटवत नजर स्क्रीनवर ठेवा. ठरावीक कोनाला चित्र लुकलुकलं तर बिजागरीतून जाणारी केबल गेलेली असते. तो फोन तिथेच परत द्या, घासाघीस करू नका. ९० अंशांवर सोडला तर त्याच कोनात थांबायला हवा, आणि पूर्ण उघडल्यावर बोटाने न रेटता सपाट व्हायला हवा. कानाजवळ धरून चार वेळा उघड-मीट करा: करकर ऐकू आली तर आत कच आहे.

तिसरी वाट

उभा फोन मधोमध मिटून अर्धा होतो तो फ्लिप हा छोटा फोन नव्हे. झेड फ्लिप ७ खिशात ८५.५ मिमी लांबीचा, पण उघडला की ६.९ इंची. तो खिशाचा प्रश्न सोडवतो, अंगठ्याचा नाही. आणि तुमच्या हिशेबातला ‘बसून’ गट जवळजवळ सगळा घरातच घडत असेल, तर छोटा फोन आणि ८.३ इंची आयपॅड मिनीसारखा टॅबलेट ही जोडी अधिक शहाणपणाची. रेघ नाही, बिजागरी नाही, पेनाने लिहिता येतं (फोल्ड ७वर सॅमसंगचं एस पेन चालत नाही), आणि एक बिघडला तरी दुसरा हाताशी राहतो.

घडीचाच घेतलात तर पहिल्या संध्याकाळी एक सेटिंग लावून टाका. डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये फोन मिटल्यावर कोणती अ‍ॅप्स बाहेरच्या स्क्रीनवर चालू राहावीत हे निवडता येतं. नकाशा, कॉल आणि मेसेज चालू ठेवा, बाकीची बंद. मिटण्याआधी शर्टाच्या टोकाने नको, मऊ कापडाने आतली स्क्रीन एकदा पुसा. परत करण्याची मुदत असेल तर तेवढे दिवस रोज रात्री लिहून ठेवा, आज किती वेळा उघडला. आकडा दोन-तीनच्या वर जात नसेल तर मुदत संपण्याआधी दुकान गाठा.