शाळेच्या सिक रूमपासून विम्याच्या पैशांपर्यंत: सोलापुरातल्या शाळा आणि पालकांसाठी

शाळेच्या सिक रूममध्ये जे होतं त्याचं बिल सहसा होत नाही, आणि होऊही नये. मलमपट्टी, ओआरएसचं पाकीट, तापाची गोळी, डॉक्टरांकडे नेईपर्यंतचा आधार, हे सगळं शाळेच्या खर्चातलं. बिल सुरू होतं मूल रुग्णालयात पोचल्यावर. पण ते पैसे पुढे मिळणार की नाही, हे बऱ्याचदा सिक रूमच्या रजिस्टरमधल्या चार ओळींवर ठरतं. हक्कच नव्हता म्हणून अडलेले दावे थोडे. रजिस्टरमध्ये एक, डिस्चार्ज कार्डावर दुसरं आणि आधारवर तिसरं, म्हणून अडलेले पुष्कळ.

पहिली पायरी: पैसे कुणाकडे मागायचे ते आधी ठरवा

हे रुग्णालयाच्या दारात ठरवायचं असतं, घरी आल्यावर नव्हे. कारण सगळ्यात मोठी जी सोय आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, ती कॅशलेसच आहे. आधी खिशातून भरलं आणि मग मागितलं, असं तिथे चालत नाही. ही योजना सोलापूरला नवी नाही. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. आता पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. तरी ‘आमचं कार्ड पांढरं आहे, आपल्याला कुठलं मिळतंय’ म्हणणारे पालक अजून भेटतात. रुग्णालय योजनेतलं असावं लागतं आणि उपचार योजनेच्या यादीतला असावा लागतो. हात मोडला, ऑपरेशन करून रॉड घातला, तर विचारायलाच हवं. ओपीडीत प्लास्टर घालून घरी पाठवलं, तर ही योजना लागत नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेत रुग्णांना मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. पैसे भरण्याच्या खिडकीआधी तिथे जा. आरोग्यमित्र दिसला नाही तर १५५३८८ या क्रमांकावर फोन करा.

बाकीचे पर्याय थोडक्यात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला असलेल्या पालकाच्या पगारातून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापली जात असेल, तर मुलाचे उपचार त्या कार्डावर होतात. तिथे बिलही नाही आणि दावाही नाही. विडी कामगार आयांकडे कामगार कल्याणाच्या दवाखान्याचं कार्ड असतं, तेही विचारा. शाळेसमोर गाडीने उडवलं असेल, तर मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना आहे: अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत, ठरवून दिलेल्या रुग्णालयात. यात पोलिसांकडची नोंद टाळू नका. आणि सरकारी वा अनुदानित शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं. त्यात हृदयाला छिद्र, तिरळेपणा असं काही निघून पुढे पाठवलं, तर त्या उपचाराचा खर्च पालकांनी करायचा नसतो. पथकाने दिलेली चिठ्ठी मात्र दप्तरात चुरगाळून जाते. वर्गशिक्षकांनी ती पालकांच्या हातात द्यावी.

मग उरतात तीन ठिकाणं, आणि खरी कागदपत्रं इथे लागतात: शाळेने काढलेली विद्यार्थी अपघात विमा पॉलिसी, पालकांची स्वतःची मेडिक्लेम, आणि राज्य सरकारची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजना. ही शेवटची बहुतेकांना फक्त मृत्यूनंतरच्या मदतीची वाटते. तसं नाही. इयत्ता पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्याला ती लागू आहे आणि जून २०२२ च्या शासन निर्णयाने रकमा वाढल्या आहेत. अपघाती मृत्यूला दीड लाख, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे कायमचे निकामी झाल्यास एक लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास ७५ हजार. अपघातामुळे शस्त्रक्रिया करावी लागली, तर प्रत्यक्ष झालेला खर्च, जास्तीत जास्त एक लाख. यासाठी हप्ता भरावा लागत नाही. हे सानुग्रह अनुदान आहे.

दुसरी पायरी: जूनमध्येच नावं जुळवा

सोलापुरात हे काम इतर शहरांपेक्षा जास्त किचकट आहे. साखर पेठेत, अशोक चौकात, विडी घरकुलात तेलुगू घरांतली मुलं, अक्कलकोट-मंगळवेढ्याकडची कन्नड बोलणारी, उर्दू शाळांतली. एकाच मुलाचं नाव शाळेच्या दाखल्यावर एका तऱ्हेने, आधारवर इंग्रजीत दुसऱ्या तऱ्हेने आणि रेशन कार्डावर तिसऱ्याच तऱ्हेने असतं. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गळालेलं, कुठे श्रीनिवासचा श्रीनिवासुलू झालेला. घरी हे कुणाला खटकत नाही. विमा कंपनीचा माणूस मात्र दोन स्पेलिंगं म्हणजे दोन माणसं धरतो.

तेव्हा प्रवेशाच्या वेळी आधार, रेशन कार्ड आणि जन्मदाखला यांच्या झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवून क्लार्कने एकदा नजर टाकावी. फरक असेल तर पालकांना तेव्हाच सांगावं. धाकट्या मुलांची नावं रेशन कार्डावर चढवलेलीच नसतात, तेही पाहावं. ऐनवेळी रुग्णालयात बसून पुरवठा कार्यालयाचं काम होत नाही. मुलाचं फोटो असलेलं शाळेचं ओळखपत्र चालू वर्षाचं ठेवा, बऱ्याच ठिकाणी ते उपयोगी पडतं.

आणि पालकांनी शाळेला एक प्रश्न जरूर विचारावा. फीच्या पावतीत ‘विमा’ म्हणून रक्कम असेल, तर पॉलिसी कुठे आहे? पॉलिसीचा क्रमांक, कंपनीचं नाव, मुदत आणि काय काय मिळतं याचं एक पान मागून घ्या. वर्षानुवर्षं पैसे भरूनही ते पान कधीच न पाहिलेले पालक थोडेथोडके नाहीत. ते पान वाचलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते: ही पॉलिसी अपघाताची असते, आजाराची नव्हे. आपल्याकडे पाणी चार-चार दिवसांआड येतं, घरोघरी पिंपं भरून ठेवलेली, आणि डेंग्यूने पोरं ॲडमिट होतात; एप्रिलच्या उन्हात मैदानावर चक्कर येऊन पडतात. यांतलं काहीही अपघात विम्यात सहसा बसत नाही. तिथे मेडिक्लेम किंवा फुले योजना.

तिसरी पायरी: सिक रूमची नोंद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रजिस्टर बांधीव असावं, पानांना क्रमांक असावेत, सुटे कागद नकोत. नोंद त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात. अशी नोंद नेहमी सापडते:

‘मुलगा पडला. हात दुखतो. घरी पाठवला.’

यातून काहीही सिद्ध होत नाही. कुठे पडला? शाळेत की येताना? कुठला हात? त्याऐवजी अशी लिहा:

‘इयत्ता सातवी ब. सकाळी ११.२० वाजता शाळेच्या मैदानावर खो-खोच्या तासाला धावताना उजव्या हातावर पडला. उजवं मनगट सुजलं, हालवता येत नाही. शुद्धीवर आहे, डोक्याला मार नाही. फळीचा आधार दिला. ११.३० ला आईला फोन केला. १२.०५ ला आई व क्रीडाशिक्षकांबरोबर रुग्णालयात पाठवलं.’ खाली सिस्टरची, तासावरच्या शिक्षकांची आणि मुख्याध्यापकांची सही.

खाडाखोड झाली तर एक रेघ मारून शेजारी सही करा, व्हाइटनर नको. दोन दिवसांनी आठवून मधल्या जागेत ओळ घुसवू नका. तपासणीला येणाऱ्याच्या नजरेत ती पहिल्यांदा भरते.

आता एक नाजूक गोष्ट. शाळेचं नाव नको म्हणून कधी कधी बरोबर गेलेला माणूस डॉक्टरांना सांगतो, ‘घरी जिन्यावरून पडला.’ डॉक्टर सांगितलेलंच केसपेपरवर लिहितात. ते एक वाक्य तिथे गेलं की शाळेचं रजिस्टर एक सांगतं, केसपेपर दुसरं, आणि दावा तिथेच संपतो. नंतर डॉक्टरांकडे जाऊन ‘तेवढं बदलून द्या’ म्हणणं म्हणजे त्यांनाही अडचणीत आणणं. मुलं खेळताना पडतातच, त्यात शाळेची अब्रू जात नाही. खोटं सांगून मुलाच्या उपचाराचे पैसे मात्र जातात.

चौथी पायरी: रुग्णालयात आणि मेडिकलमध्ये

मेडिक्लेम असेल तर भरती झाल्याबरोबर कंपनीला किंवा टीपीएला (कंपनीच्या वतीने दावे पाहणाऱ्या संस्थेला) कळवा. तातडीच्या भरतीत साधारण २४ तासांची मुदत असते, पण आपल्या पॉलिसीत काय लिहिलंय ते पाहा. फोन केला तरी ईमेलही करा आणि मिळालेला क्रमांक लिहून ठेवा. शाळेच्या गट पॉलिसीसाठी ही खबर शाळेने द्यायची, कारण पॉलिसीधारक शाळा आहे. कॅशलेस अर्जावर तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा, असं विमा नियामकाने २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे. काउंटरवर सांगायला ही माहिती बरी पडते.

निघताना हे सगळं हातात घ्या: डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार अंतिम बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, तपासण्यांचे रिपोर्ट आणि एक्स-रेची फिल्म. फिल्म हटकून रुग्णालयात राहते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवा, पाच हजारांवरच्या रोख पावतीला रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प हवं. मेडिकलमध्ये ‘कॅश’ नावाने बिल घेऊ नका. मुलाचं पूर्ण नाव, आधारवर आहे तसंच, लिहून घ्या. प्रत्येक औषधाच्या बिलामागे त्याची चिठ्ठी हवी.

पाचवी पायरी: दावा दाखल करणं

विमा कंपनीच्या फॉर्मचे दोन भाग असतात. ‘अ’ पालकांनी किंवा शाळेने, ‘ब’ रुग्णालयाने भरून शिक्का मारून द्यायचा. सोबत वरची कागदपत्रं, केवायसी, छापील नावाचा रद्द केलेला चेक, आणि शाळेच्या पॉलिसीसाठी बोनाफाइड व सिक रूमच्या नोंदीची मुख्याध्यापकांनी साक्षांकित केलेली प्रत. सगळ्याचा झेरॉक्स संच स्वतःकडे ठेवा, पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

मूळ बिलं एकाच ठिकाणी देता येतात. मेडिक्लेमने काही रक्कम कापली आणि उरलेली शाळेच्या विम्यातून मागायची असेल, तर पहिल्या कंपनीकडून मंजुरीचं पत्र आणि साक्षांकित प्रती घ्या. एकच रुपया दोन ठिकाणी मागू नका.

राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजनेचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाकडे जातो: प्राथमिकचा प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे, माध्यमिकचा माध्यमिककडे, आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती देते. अपघाताच्या स्वरूपाप्रमाणे एफआयआर, पंचनामा, अपंगत्वाचा दाखला अशी कागदपत्रं जोडावी लागतात. पालकाला ‘तुम्हीच जाऊन या झेडपीत’ म्हणून पाठवणं योग्य नाही. प्रस्ताव शाळेने करायचा आहे. विडी वळणारी बाई एक दिवस बुडवते म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते.

नाकारलं तर

तोंडी उत्तर मानू नका. पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली नाकारलं, ते लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा, सोबत विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका. फोन करायचा तर १५५२५५. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निर्णय देणारा अधिकारी. सोलापूरसाठी त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत तक्रार जायला हवी. तक्रारीसोबत सिक रूमच्या नोंदीची प्रत, केसपेपर आणि नकाराचं पत्र एवढं जोडा. बाकीचं ते मागतील तेव्हा द्या.