गोल्फच्या स्विंगमध्ये कोपरं कुठे हवीत?

‘डावा हात सरळ ठेवा’ हे वाक्य गोल्फ शिकायला आलेल्याच्या कानावर पहिल्याच दिवशी पडतं आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते. तो हात काठीसारखा ताठ करतो, खांदे आखडतात आणि चेंडूआधी क्लब (चेंडू मारायची काठी) जमिनीत घुसतो. अमेरिकन गोल्फपटू कॅल्विन पीट यांचं डावं कोपर लहानपणी झाडावरून पडून मोडलं होतं. तो हात त्यांना पुढे कधीच पूर्ण सरळ करता आला नाही. तरीही १९८१ ते १९९० अशी सलग दहा वर्षं पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) ड्राइव्हच्या, म्हणजे सुरुवातीच्या लांब फटक्याच्या अचूकतेत पहिला नंबर त्यांचाच होता. तेव्हा डावा हात लांब असला की पुरे, कोपर कुलूप घातल्यासारखं आवळायची गरज नाही.

(पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू बदलून वाचावं.)

१. उभं राहताना
कमरेतून वाका, दोन्ही हात खांद्यांपासून सैल लोंबू द्या आणि ते जिथे येतील तिथेच ग्रिप (क्लबची मूठ) धरा. ग्रिपचं टोक आणि मांडी यांच्यात साधारण मूठभर अंतर राहतं. उजवं कोपर किंचित वाकलेलं आणि अंगालगत असू द्या.

२. बॅकस्विंग
क्लब मागे आणि वर नेणं म्हणजे बॅकस्विंग. सुरुवात खांदे वळवून करा. क्लब कमरेच्या वर जाऊ लागला की उजवं कोपर आपोआप दुमडतं. अगदी वर पोचल्यावर तिथे साधारण काटकोन होतो आणि कोपराचं टोक जमिनीकडे असतं, तळहातावर ताट तोलून धरावं तसं. खांदे वळायचे थांबले आणि हात तरीही वर चढत राहिले, की डावं कोपर मोडतं आणि उजवं बाहेर उडतं. त्यावर माझ्या मते एकच इलाज: बॅकस्विंग आखूड करा. दिग्गज गोल्फपटू जॅक निकलॉस यांचंही उजवं कोपर उडायचं आणि त्यांनी १८ मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धा, जिंकल्या, हे खरं. पण खाली येताना ते कोपर जागेवर आणायचं कसब त्यांच्याकडे होतं.

३. डाउनस्विंग
क्लब वरून खाली चेंडूकडे आणताना, म्हणजे इथे, खरी परीक्षा असते. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड सरपटत फेकताना कोपर आधी बरगड्यांजवळून पुढे येतं, हात मागून सुटतो. इथेही तसंच: वजन डाव्या पायावर जाऊ लागलं की उजवं कोपर उजव्या कमरेसमोर उतरलं पाहिजे. ते कमरेच्या मागे अडकलं तर चेंडू उजवीकडे जातो, किंवा घाईघाईत मनगटं उलटली की डावीकडे वळत जातो (हुक होतो). क्लब चेंडूला लागतो त्या क्षणी डावा हात लांब, पण उजवं कोपर अजून थोडं वाकलेलं असतं. दोन्ही हात एकदम सरळ होतात ते चेंडू निघून गेल्यावर, तेही क्षणभरच.

४. चेंडू गेल्यावर
आता डाव्या कोपराने दुमडायचं, टोक जमिनीकडे ठेवून. माझं कोपर मात्र कोंबडीच्या पंखासारखं बाहेर फाकायचं, आणि मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ पाहीपर्यंत मला ते पटलंच नव्हतं. चेंडू मारल्यावर माझी छाती वळायची थांबत होती. हातांना पुढे जायला वाटच उरत नव्हती.

यासाठी डाव्या काखेत छोटा टॉवेल धरा, वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) घ्या आणि कमरेच्या उंचीपर्यंतच अर्धे स्विंग मारा. चेंडू लागताच टॉवेल पडला तर दंड छातीपासून सुटला, म्हणजे छाती थांबली, असं समजा. टॉवेल पडू नये म्हणून काख आवळू नका. मी आठवडाभर तेच केलं आणि खांदा दुखवून घेतला. पूर्ण स्विंगला हा प्रयोग करू नका, तिथे टॉवेल पडणारच.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागलं तर सराव थांबवा, आणि पुन्हा सुरू कराल तेव्हा ग्रिप सैल धरा.